सातव्या दिवसाची फुंकर

"निघालं! विष निघालं!" कोणीतरी ओरडलं आणि अंगणातली दीड-दोनशे माणसं एकदम टाचा उंचावून उभी राहिली.

फर्निचरच्या बंद पडलेल्या गोदामापुढचं ते अंगण. सहा टेबलं जोडून मंच केलेला. मंचावर स्टुलावर एक प्लंबर पाठ उघडी टाकून बसलेला आणि त्याच्या मागे पांढऱ्या सदऱ्यातले फुंकरबाबा. प्लंबरच्या पाठीपासून बरगडीपर्यंत नागिणीचा पट्टा उठला होता. आधी टोकनवाल्या बाईने डब्यातली पांढरी पूड त्यावर भुरभुरली. मग बाबांनी एक पिवळं फडकं पाण्यात भिजवून पिळलं, पट्ट्यावरून अलगद फिरवलं आणि झेंड्यासारखं वर धरलं. फडकं जागोजागी रक्तासारखं लाल झालं होतं.

"बघा, बघा! किती विष धरून बसली होती बया! अशी फडक्यावर उतरली नसती ना, तर गेली असती पुढे. पुढून छातीवर, छातीवरून परत पाठीवर. नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटलं की काय होतं?"

"खेळ खलास!" गर्दी एका सुरात म्हणाली. तिला ते पाठ होतं.

बाबांनी गाल फुगवून तीन फुंकरा मारल्या. "कसं वाटतंय?"

"गारेगार," प्लंबर म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीच्या कडेला, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लॅबकाकांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातात वही होती. हे त्यांचं जुनं दुखणं. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांनी बाटल्या धुतल्या, त्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि निवृत्त झाले तरी कुठेही गेले की वही काढून काय घडलं ते लिहीत बसायचे. त्यांना कोणी मास्तर म्हटलं की ते कानापर्यंत लाल होत. "मास्तर नाही हो. मी आपला बाटल्या धुणारा," असं म्हणून विषय संपवत.

शेजारी खुर्चीवर त्यांची थोरली बहीण बसली होती. आक्का. शिवणकाम करून घर चालवलेली, धाकट्या भावाला शिकवलेली, आणि त्याच्या शिक्षणाचा काही उपयोग झाला नाही असं रोज एकदा तरी त्याला ऐकवणारी. डोक्याला रुमाल बांधलेला. केस गेले त्याला चार महिने झाले होते. रक्ताच्या कॅन्सरसाठी केमो चालू होती, आणि काल सकाळी डाव्या कुशीला, पोलक्याच्या शिवणीखाली, द्राक्षाच्या बियांएवढे फोड उठले होते. नुसती नागीण झाली असती तर लॅबकाका इतके घाबरले नसते. पण दवाखान्याने दिलेल्या निळ्या कार्डावर ठळक अक्षरात छापलं होतं: ताप आला किंवा अंगावर कसलंही पुरळ उठलं, तर त्याच दिवशी या.

त्याच दिवशी. आज दुसरा दिवस होता.

"आक्का, आपण इथून सरळ दवाखान्यात..."

"तू गप रे धाकट्या. मागच्या वेळी ओठावर एवढंसं पुरळ आलं म्हणून नेलंस. एकोणीस दिवस त्या काचेच्या खोलीत मला बरणीत घातल्यासारखं ठेवलं. तोंडभर जखमा. पाणी गिळवेना. आता परत? नको. माझी ताकद संपली."

"अहो काका, घाबरता काय?" मधे बोलली इस्त्रीवाली. कोपऱ्यावर तिची टपरी, आणि आक्काला इथे आणलं होतं तिनेच. "मला नाही का झाली होती? कमरेला हा असा पट्टा. बाबांनी फुंकर मारली आणि चार दिवसांत खपल्या गळून पडल्या. माझा खोटं बोलण्यात काय फायदा?"

तिचा काहीच फायदा नव्हता. लॅबकाकांची पंचाईत तिथेच होती. लबाड माणसाशी भांडता येतं. कमरेवरचे डाग दाखवून शपथेवर सांगणाऱ्या भल्या बाईशी काय भांडणार?

टेबलाशी त्यांचा नंबर आला. टोकनवालीने वरसुद्धा न बघता विचारलं, "कितवा दिवस?"

"दुसरा," आक्का म्हणाली.

"कच्ची आहे. रविवारी या. सातव्या दिवशी पिकते, मग बाबा उतरवतील." तिने एक निळं टोकन पुढे सरकवलं. त्यावर एकेचाळीस लिहिलं होतं. "तोवर एकही गोळी घ्यायची नाही. डॉक्टरचं तोंड बघायचं नाही. औषधाने नागीण पिसाळते. मग बाबांचा इलाज नाही. पुढे चला."

"पण हिची केमो चालू आहे," लॅबकाका कसेबसे म्हणाले. "रक्ताचा..."

"मग तर अजिबात नाही. विषावर विष? पुढे चला हो काका, मागे लाईन आहे."

मागे उभा असलेला सुतार हळूच म्हणाला, "खरं आहे ते. माझ्या मेहुण्यालाही तुमच्यासारखंच होतं, केमोचं. पाच दिवस दम धरला. मग घरचे घाबरले, नेलं दवाखान्यात. औषध पोटात गेलं आणि नागीण पिसाळली. दोन दिवसांत गेला. बाबा म्हणाले होते हो."

पाच दिवस दम धरला, मग गेला, आणि दोष औषधाचा? लॅबकाकांनी मान खाली घातली. टेबलाच्या कडेवर पांढरी पूड सांडली होती. त्यांनी बोटाने चिमूटभर टिपली, रुमालात गुंडाळली. बोटाला थोडी राहिली होती. घामाने ओलसर झाली तशी ती बुळबुळीत लागू लागली, साबणासारखी. वासाला मात्र थंड, सर्दीच्या मलमासारखी.

तो बुळबुळीतपणा त्यांच्या बोटांना झोपेतसुद्धा ओळखू आला असता. तीस वर्षं त्यांनी त्याच्यातच तर हात घातले होते.

*

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा रिकामा केला. आक्का शिवणयंत्रापाशी आरामखुर्चीत आडवी झाली होती. इस्त्रीवाली तिला सोबत म्हणून थांबली होती.

"काय मांडलंय रे?"

"काही नाही. जरा बघतो."

"बघतो म्हणे. जन्मभर बघतच राहिलास."

ते तिने चेष्टेनेच म्हटलं, पण लागायचं तिथे लागलं. कारण ते खरं होतं. फार वर्षांपूर्वी एकदा प्रयोगशाळेतल्या एका बाटलीला चुकीची चिठ्ठी लागली होती. ती दूर धरूनही त्यांना वासावरून कळलं होतं. पण विज्ञानाच्या सरांसमोर आपण काय बोलणार, आपलीच चूक असेल, असं म्हणून ते गप्प बसले. त्या तासाला एका मुलीचा हात भाजला. मुलगी बरी झाली, डाग राहिला. तिची माफी मागायचंही त्यांना धैर्य झालं नाही.

आताही मनात तेच चाललं होतं. आपल्याला संशयाची खोडच आहे. दोनशे माणसं चुकतात आणि आपण एकटे बरोबर? पुस्तकं वाचून डोकं फिरलंय, असं आक्का म्हणते, ते उगाच का?

तरी हात थांबले नाहीत. त्यांनी फडक्याचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला. एक बटाटा सोलला. त्यावर रुमालातली पूड भुरभुरली, फडकं ओलं केलं आणि बटाट्यावरून फिरवलं.

फडकं लाल झालं.

"आक्का!"

दोघी उठून आल्या. लॅबकाकांनी फडकं दाखवलं, मग बटाटा दाखवला.

"अगं बाई," इस्त्रीवाली म्हणाली, "बटाट्याला नागीण?"

"हळदीला धुण्याचा सोडा लागला की ती लाल होते. पुडीत सोडा आहे. आणि पुदिन्याचं फूल घातलंय, म्हणून गार वाटतं. तुमच्या अंगातून काही निघालं नाही. ते फडक्यातच होतं."

आक्काने तो लाल तुकडा बोटांत चोळून पाहिला. कपड्यांच्या रंगात तिचा जन्म गेला होता, तिला पटायला वेळ लागला नाही. पण तिने तोंड वाकडं केलं.

"बरं. रंग खोटा. मान्य. पण धाकट्या, तो देखावा असेल लोकांसाठी. हिच्या खपल्या तर खरोखर पडल्या ना? त्या प्लंबरच्याही पडतील. माणसं बरी होतात, ते काय हळदीने?"

हे लॅबकाकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बटाटा हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. रंगाची लबाडी पकडून काम होईल असं त्यांना वाटलं होतं, आणि आक्काने ते एका वाक्यात मोडीत काढलं होतं.

ते जाऊन खिडकीशी बसले आणि सवयीने वही उघडली. सकाळपासून मंचावर कोण आलं, ते त्यात लिहिलेलं होतं. टोकनवालीची हाक अंगणभर ऐकू जायची, म्हणून त्यांनी तेही टिपलं होतं. प्लंबर, आठवा दिवस. दूधवाला, सातवा. शिपाई, नववा. एक आजी, सातवा. दुकानदार, दहावा. खाली, वेगळ्या ओळीत, निळं टोकन घेऊन परत गेलेले: पहिला, तिसरा, दुसरा, चौथा, दुसरा.

त्यांनी दोनदा वाचलं. मग उठले.

"इस्त्रीवालीबाई, तुमच्यावर फुंकर मारली तेव्हा कितवा दिवस होता?"

"आठवा. आधी गेले होते दुसऱ्या दिवशी, तेव्हा निळं टोकन दिलं होतं."

"आणि आठव्या दिवशी फोड कसे होते? ओले?"

"नाही, वाळतच आले होते की. खाज सुटली होती." ती बोलता बोलता थांबली.

"बाबांकडे न जाता नागीण बरी झालेलं कोणी माहीत आहे?"

"माझा दीर," ती हळूच म्हणाली. "तो कुठे जातो? काहीच केलं नाही त्याने. दोन-तीन आठवड्यांत गेली आपोआप."

लॅबकाकांनी वही आक्कासमोर धरली. "आक्का, सकाळपासून तेवीस जण मंचावर गेले. सातव्या दिवसाच्या आतला एक नाही. एकसुद्धा नाही. ओल्या फोडांवर सोडा पडला तर माणूस किंचाळेल, म्हणून ते नकोतच. आणि धडधाकट माणसाची नागीण आठवड्याने आपली आपण वाळायला लागते. बाबा नेमके तेव्हा फुंकर मारतात."

आक्काने चष्मा लावला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग ती सावकाश म्हणाली, "म्हणजे झगा शिवला दुसऱ्याने. काजं केली दुसऱ्याने. हा येऊन शेवटचं बटण लावतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो, झगा मी शिवला."

"अगदी तसंच."

"आणि ज्याचा झगा शिवायला अंगात कारागीरच उरला नाही? केमोने ज्याचे कारागीर मारलेत?"

सुताराच्या मेहुण्याची आठवण दोघांनाही एकाच वेळी झाली असावी.

"मेला," आक्का म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाच ठाऊक. "थर्मामीटर आण."

पारा एकशे एकच्या वर गेला होता.

"पिशवी भर. आणि हे बघ, काचेच्या खोलीत ठेवलंच तर माझी कात्री देऊ नकोस म्हणतील, मासिकं तरी आण. जुनी नकोत."

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला सडेतोड होत्या. त्यांनी कुशीवरचे फोड पाहिले, मग आक्काची बाही वर करून दंडावरचे दोन, आणि कपाळावरचा एक. हे तिन्ही सकाळी नव्हते.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. ह्यालाही माझ्याकडूनच लागल्या."

"तोच विषाणू आहे हा. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो, पन्नास-साठ वर्षंसुद्धा. आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा करतात. तुमच्या आजाराने आणि केमोने तो पहारा उठलाय. तुमच्या ओठावर मागे आलं होतं, तोही असाच एक झोपलेला विषाणू, जातभाईच याचा. संधी साधून उठतात. एरवी नागीण एका बाजूला, एका पट्ट्यात राहते आणि जाते. पहाराच नसेल तर ती फुप्फुसात जाते, यकृतात जाते, मेंदूत जाते."

"तोंड-शेपूट भेटलं की..." आक्का पुटपुटली.

"लोकांनी बघितलं ते खरं असेल. अंगभर पसरलेली माणसं वाचत नव्हती. पण कारण ते नव्हे, की कुणी सापासारखं वळसा घालतंय. पसरली, याचाच अर्थ अंगात लढायला कोणी नव्हतं." त्या नर्सकडे वळल्या. "शिरेतून औषध आत्ता सुरू करा. छातीचा फोटो घ्या." मग लॅबकाकांना म्हणाल्या, "पहिल्या दिवशी का नाही आलात?"

लॅबकाकांनी खिशातून निळं टोकन काढून त्यांच्या हातात ठेवलं. बाईंनी ते उलटसुलट पाहून परत दिलं.

"या महिन्यातलं हे तिसरं," त्या म्हणाल्या. "आधीच्या दोघांनी सातवा दिवस येईपर्यंत वाट पाहिली."

त्या दोघांचं पुढे काय झालं असेल, ते लॅबकाकांना कळलं.

"वाचेल ना हो?"

"आज आलात, हे बरं केलंत. शब्द मी देत नाही. दर आठ तासांनी औषध जाईल आणि आपण बघत राहू."

काचेपलीकडे आक्का, अलीकडे लॅबकाका. बुधवारी ताप एकशे तीन. गुरुवारी चेहऱ्यावर नवे चार फोड, आणि रात्रभर खोकला. शुक्रवारी छातीचा फोटो पुन्हा काढला, तो स्वच्छ आला. शनिवारी नवा एकही फोड उठला नाही. लॅबकाकांनी वहीत तेवढंच लिहिलं: आज नवा नाही. आणि त्याखाली, कधी नव्हे ते, दोन रेघा ओढल्या.

शनिवारी संध्याकाळी काचेपलीकडून आक्काने फोन केला. आवाज खोल गेला होता, पण बोलण्याची धार परत आली होती.

"उद्या रविवार. माझं टोकन आहे ना? एकेचाळीस नंबर?"

"आहे. का?"

"वाया घालवू नकोस. जा तिथे."

"मी? आक्का, मला चार माणसांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"बोलू नकोस. तू लिही. तेवढं येतं ना? माझा खाकी कागद ने, कपडे बेतायचा. आणि खडू."

*

रविवारी सकाळी लॅबकाकांनी गोदामाच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर खाकी कागद चिकटवला. आक्काच्या निळ्या खडूने त्यावर दोन चौकोन आखले. एकावर लिहिलं, "पहिला ते सहावा दिवस." दुसऱ्यावर, "सातवा आणि पुढे." मग टेबलापासून परतणाऱ्या प्रत्येकाला ते विचारू लागले. पहिल्यांदा विचारताना आवाज इतका बारीक निघाला, की समोरच्या माणसाने "काय?" म्हणून कान पुढे केला.

"कितवा दिवस? आणि काय सांगितलं?"

माणसं आढेवेढे न घेता सांगत. आजारी माणसाला आपला दिवस नीट आठवतो. लॅबकाका एकेक रेघ ओढत. अकरा वाजेपर्यंत पहिल्या चौकोनात सतरा रेघा झाल्या. खाली लिहिलेलं: मंचावर घेतले, शून्य. दुसऱ्यात सव्वीस. मंचावर घेतले, सव्वीस.

कागदापुढे घोळका जमू लागला. "हे काय आहे हो?" "अरे, बघ ना, शून्य!" "म्हणजे काय?" "म्हणजे तुझं तू समज."

टोकनवाली तरातरा आली. "काका, इथे जाहिराती लावायच्या नाहीत!"

"जाहिरात नाही," लॅबकाका म्हणाले. "तुमचाच प्रश्न आहे. तुम्ही विचारता तोच."

मंचावरून बाबांचा आवाज आला. चतुर माणूस, त्यांनी ओळखलं की हाकलण्यापेक्षा हसं केलेलं बरं. "या, या मास्तर! वर या. बाळांनो, आज आपल्याकडे फार मोठे विद्वान आलेत. वही-बिही घेऊन आलेत!"

लोक हसले. लॅबकाका वर चढले. पिशवी छातीशी धरलेली.

"मी मास्तर नाही. बाटल्या धुणारा आहे."

"मग बाटल्या धुवा की! नागिणीच्या वाटेला कशाला जाता? तिची वाट मज्जेतून रक्तात, रक्तातून कातड्यात. चौदा वर्षं मी ती वाट शोधलीय. तुमच्या वहीत आहे का ती?"

लॅबकाकांनी पिशवीतून सोललेला बटाटा काढला आणि स्टुलावर ठेवला. मग टोकनवालीच्या डब्यातली चिमूटभर पूड उचलून त्यावर टाकली. बाबांच्याच पाण्यातलं फडकं घेतलं, फिरवलं आणि वर धरलं. लाल.

मग मागून इस्त्रीवालीचा आवाज आला. "बाबा, त्याच्यावर फुंकर मारा. बटाटा वाचला पाहिजे!"

हशा उसळला. या वेळी तो दुसऱ्या बाजूचा होता. बाबांचा चेहरा उतरला, पण पुरता नाही. "जिथे संशय आला तिथे फुंकर चालत नाही, बाळांनो. या माणसाने अंगणात संशय आणला. आता आज कोणाला गुण आला नाही तर पाप यांचं!"

"गुण तर येईलच," लॅबकाका म्हणाले. आता त्यांचा आवाज लोकांना ऐकू येत होता. "सातव्या दिवशीच्याला येईलच. तुम्ही फुंकर मारा, नाहीतर घरी झोपा. मला एकच सांगा. आज ज्याचा दुसरा दिवस आहे, त्याच्यावर आत्ता फुंकर मारता का? एकावर तरी?"

"कच्ची नागीण उतरत नसते."

"मी मारून घेते."

आवाज रांगेतून आला. पंचविशीची एक मुलगी पुढे झाली. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, भुवया नसलेला चेहरा. हातात निळं टोकन. लॅबकाकांना काही सांगायची गरज पडली नाही. आक्काला रोज बघणाऱ्या माणसाला तो रुमाल कसा बांधलाय ते बघूनच कळतं.

"आज तिसरा दिवस आहे माझा," मुलगी म्हणाली. "केमो चालू आहे. तुमच्या बाईंनी सांगितलं, सातव्या दिवसापर्यंत डॉक्टरकडे जाऊ नको. मी थांबते. पण बाबा, सातवा दिवस यायच्या आत मी गेले, तर तुम्ही काय म्हणाल?"

बाबांनी ओठ चाटले. "असं अभद्र बोलू नये, बाळ. विश्वास असेल तर..."

"म्हणजे माझा विश्वास कमी पडला म्हणाल."

बाबांनी टोकनवालीकडे बघितलं.

"नाहीतर औषध घेतलं म्हणाल," मागून कोणीतरी बोललं. तो सुतार होता. तो फाटकाजवळच्या कागदाकडे बघत उभा होता आणि त्याच्या मेहुण्याचे पाच दिवस पहिल्या चौकोनात मनातल्या मनात मांडत होता. "माझ्या मेहुण्याला तेच म्हणालात. बाबा, खरं सांगा. पहिल्या दिवशी नेला असता तर?"

बाबांनी फडकं गोळा केलं आणि "आज इतकंच," म्हणून गोदामात निघून गेले. कोणीही त्यांना अडवलं नाही. काही माणसं तरीही अंगणात बसून राहिली, ते पुन्हा येतील म्हणून. ती माणसं लॅबकाकांकडे रागाने बघत होती. त्यांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. आशा काढून घेणाऱ्याकडे कोण प्रेमाने बघेल?

ते खाली उतरले आणि मुलीपाशी गेले. "बाळ, आजच चल. आत्ताच. माझी बहीण तिथेच आहे."

"तुमची बहीण बरी आहे?"

लॅबकाकांना खोटं बोलता आलं असतं. "अजून नाही," ते म्हणाले. "पण काल नवा फोड उठला नाही."

मुलीने हातातलं टोकन बघितलं आणि टोकनवालीच्या टेबलावर ठेवून दिलं. इस्त्रीवाली गाडी बघायला धावली.

*

आक्का अठ्ठावीस दिवसांनी घरी आली. कपाळावर एक खड्डा राहिला, कुशीला अजून कधी कधी आग होते, आणि तिच्या खऱ्या आजाराशी झुंज चालूच आहे. ती मुलगी सहा दिवस आक्काच्या शेजारच्या काचेत होती. दोघी काचेवर बोटाने टकटक करून एकमेकींची चौकशी करत. मुलगी आधी घरी गेली.

फुंकरबाबा आता त्या गोदामात बसत नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला बसतात म्हणे, आणि आता फडकं लालऐवजी निळं होतं. रंग बदलायला काय लागतं? उद्या कावीळ उतरवतील, परवा गालगुंड. जे आजार बहुतेक वेळा आपले आपण बरे होतात, ते सगळे त्यांच्या कामाचे. आणि जे होत नाहीत, ते औषधाने पिसाळलेले.

अशा माणसासमोर उभं राहायला विद्वान असावं लागत नाही. लॅबकाका विद्वान नव्हते, धीट तर नव्हतेच. त्यांनी एवढंच केलं, की बरे झालेल्यांबरोबर परत पाठवलेले मोजले. कोणी चमत्कार दाखवला, तर तुम्हीही तेवढं करा. किती बरे झाले हे बाबा सांगेलच. आलेल्यांपैकी किती जणांना हातच लावला नाही, त्यांचं पुढे काय झालं, आणि काहीच न करता किती बरे झाले असते, हे तुम्ही विचारा. आणि घरात केमो चालू असलेलं माणूस असेल, तर विचारत बसू नका. अंगावर एक फोड दिसला, ताप चढला, की पिशवी भरा आणि निघा.

एकेचाळीस नंबरचं निळं टोकन आक्काने शिवणयंत्राच्या वर खिळ्याला अडकवलंय. कपडे द्यायला आलेलं कोणी विचारतं, हे काय?

"रविवारचं बोलावणं होतं," आक्का दोरा दातांनी तोडत सांगते. "मंगळवारी संध्याकाळीच उठून गेले, म्हणून अजून बसलेय."